अग्निशस्त्रासह विमानप्रवास : कायदा, सुरक्षाव्यवस्था आणि महाविद्यालयीन नेमबाजी संघ

प्रस्तावना

आंतरविद्यापीठ वा राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी महाविद्यालयाचा संघ परराज्यात निघतो, तेव्हा संघव्यवस्थापक म्हणून एखाद्या प्राध्यापकाची नेमणूक होते. नेमणुकीच्या पत्रात प्रवासभत्ता, निवासव्यवस्था, विद्यार्थ्यांची यादी व पालकांचे संमतिपत्र ह्या साऱ्यांचा उल्लेख असतो. संघाच्या सामानात दोन रायफली, एक पिस्तूल आणि काही शे काडतुसे आहेत, ही बाब मात्र त्या पत्रात बहुधा येत नाही. रेल्वेने प्रवास होत असे तोवर हे मौन फारसे जाणवत नव्हते. आता अंतर आणि परीक्षांचे वेळापत्रक ह्यांचा मेळ घालण्यासाठी संघ विमानाने जाऊ लागले आहेत, आणि विमानतळावर ह्या मौनाला जागा नाही.

महाराष्ट्राला नेमबाजीची परंपरा आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या स्थापनेत लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर ह्यांचा पुढाकार होता. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही भरते. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ह्यांच्या पाठोपाठ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ह्यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यानंतर ह्या खेळाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर शस्त्रासह प्रवास करण्याचा प्रश्न अनेक महाविद्यालयांच्या दारी आला आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक अशाच एका संघाबरोबर होता. शस्त्रांच्या पेट्या, परवाने, घोषणापत्रे हे सारे सोपस्कार तासाभरात निर्विघ्न पार पडले. अडले ते एका विद्यार्थिनीच्या पाठपिशवीपाशी. तिच्याजवळ त्या दिवशी शस्त्र नव्हतेच. पिशवीच्या आतल्या कप्प्यात, पेन्सिलींच्या मागे, पॉइंट २२ बोअरची एक रिकामी पुंगळी निघाली. सरावाच्या वेळी ती उडून पिशवीत पडली असावी. जबाब, पंचनामा, वरिष्ठांची वाट पाहणे ह्यांत विमान गेले. पुंगळी रिकामी होती म्हणून प्रकरण तेवढ्यावर थांबले. तिच्या जागी न झाडलेले काडतूस असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात आहे. हा लेख त्यातूनच लिहिला आहे.

त्या प्रसंगात जे दिसले ते अपवादात्मक नाही. कायदा आणि विमानसुरक्षा ह्या दोन्ही व्यवस्था घोषित केलेल्या वस्तूसाठी रचलेल्या आहेत. पेटीत बंद असलेली, कागदावर नोंदलेली, स्वतःहून दाखविलेली रायफल त्या व्यवस्थेत आपोआप सामावते. विसरलेल्या काडतुसाला तेथे कोणताच रकाना नाही.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

परवाना असला की शस्त्र कोठेही नेता येते, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः शस्त्र घेऊन विमानात बसणाऱ्यास तीन निरनिराळे प्रश्न विचारले जातात आणि प्रत्येकाचे उत्तर निरनिराळ्या कागदावर असते.

पहिला प्रश्न शस्त्र बाळगण्याचा. त्याचे उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ ह्यांखालील परवाना देतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि सर्वसामान्य परवानाधारकास ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. परवान्यावर शस्त्राचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची मर्यादा असते. विमानतळावर पेटीतील शस्त्राचा क्रमांक परवान्यावरील नोंदीशी अक्षरशः ताडून पाहतात. एखादा आकडा पुसट झाला असेल तर तो निघण्यापूर्वी परवाना शाखेत जाऊन दुरुस्त करून घ्यावा हे बरे.

दुसरा प्रश्न ते शस्त्र त्या ठिकाणी नेण्याचा. प्रत्येक परवान्याला क्षेत्रमर्यादा असते. एखाद्याचा परवाना केवळ महाराष्ट्रापुरता असतो, एखाद्याचा संपूर्ण भारतासाठी. पुण्याहून दिल्लीला शस्त्र नेणारा मनुष्य पुण्यात निर्दोष आणि दिल्लीत उतरताच परवान्याच्या शर्तींचा भंग करणारा ठरू शकतो; विमान कंपनीने सामान स्वीकारले, एवढ्याने तो दोष धुतला जात नाही. ह्याखेरीज निवडणुकीच्या काळात, अथवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली म्हणजे पूर्वीच्या कलम १४४ खाली, स्थानिक प्रशासन शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करू शकते. स्पर्धेचे गाव आणि तारखा ठरल्या की तेथे असा आदेश लागू आहे काय, ह्याची चौकशी आयोजकांकडे लेखी करणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न ते विमानातून नेण्याचा. येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची दोन परिशिष्टे पायाभूत आहेत. १९७४ मध्ये स्वीकारलेले सतरावे परिशिष्ट विमानसुरक्षेचे, तर १९८१ मध्ये स्वीकारलेले अठरावे धोकादायक वस्तूंच्या वाहतुकीचे. सतराव्या परिशिष्टाचा दंडक थोडक्यात असा: अधिकृत व जाणकार व्यक्तीने शस्त्र भरलेले नाही ह्याची खात्री केलेली असावी आणि उड्डाणकाळात ते कोणाच्याही हाती लागणार नाही अशा जागी ठेवलेले असावे. भारतातील सारे नियम ह्या दोन अटींचा विस्तार होत. त्यांची अंमलबजावणी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो पाहतो आणि अनेक विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. विमान अधिनियम, १९३४ ची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असली आणि सुरक्षाविषयक नियम २०२३ मध्ये नव्याने आले असले, तरी वरील दोन अटींत फरक पडलेला नाही.

ह्या कठोरतेमागे इतिहास आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळविण्यात आले, तेव्हा अपहरणकर्त्यांजवळ खेळण्यातले पिस्तूल आणि नकली हातबॉम्ब होता. खेळण्यातली बंदूक हातसामानात का चालत नाही, असे आपल्या लहानग्यासाठी हुज्जत घालणाऱ्या पालकांस हे ठाऊक नसते. सप्टेंबर १९७६ मधील अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये सुरक्षा ब्युरो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एक विभाग म्हणून सुरू झाला. जून १९८५ मधील ‘कनिष्क’ दुर्घटनेनंतर १ एप्रिल १९८७ रोजी त्यास स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार प्रकरणानंतर, फेब्रुवारी २००० पासून, विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास प्रारंभ झाला.

शस्त्र कोणाचे?

महाविद्यालयीन संघाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

अधिनियमाच्या कलम ९ नुसार वयाची २१ वर्षे पूर्ण न केलेल्या व्यक्तीस अग्निशस्त्र संपादन करता वा बाळगता येत नाही. प्रशिक्षणाच्या ओघात, विहित वय व विहित शर्ती पाळून, शस्त्र वापरण्याची मुभा तेवढी आहे. आपल्या पदवी वर्गातील बहुतेक विद्यार्थी १८ ते २१ ह्या वयोगटातले. म्हणजे मतदानाचा अधिकार असलेला आणि राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारा खेळाडू ज्या पॉइंट २२ रायफलीने नेम साधतो, ती बहुधा त्याची नसते. ती रायफल क्लबची, संस्थेची, वडिलांची वा प्रशिक्षकाची असते. नेमबाजी केंद्रावर हा भेद कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तेथे परवानाधारक वा संस्था उपस्थित असते. विमानतळावर मात्र पेटी ज्याच्या हातात आहे त्यालाच प्रश्न विचारला जातो.

कलम ३ च्या परंतुकात एक उपयुक्त सवलत आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावरून, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी अथवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी, परवाना नसलेल्या व्यक्तीस शस्त्र वाहून नेता येते. ह्यातील ‘त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी’ हे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. वडिलांच्या परवान्यावरील रायफल मुलाने एकट्याने स्पर्धेला न्यावी, ही गोष्ट ह्या शब्दांत बसत नाही. संघव्यवस्थापक प्राध्यापकाने ‘मुले गोंधळतील, पेट्या माझ्या नावावर टाका’ असे म्हणणे हे सद्भावनेचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने घातक आहे. ज्या शस्त्राचा परवाना आपल्या नावावर नाही, ते आपल्या तिकिटावर चढविल्याने आपण त्याचे वाहक ठरतो. परवानाधारकाने स्वतः बरोबर प्रवास करणे, अथवा क्लबच्या परवान्यावरील शस्त्र क्लबच्या अधिकृत प्रतिनिधीने नेणे, हाच सरळ मार्ग. राष्ट्रीय छात्र सेनेच्या रायफलींचा येथे विचार केलेला नाही. त्या शासकीय शस्त्रांची ने-आण सेनेच्या स्वतःच्या व्यवस्थेने होते आणि खासगी प्रवाशाचे नियम त्यांना लावता येत नाहीत.

हवाई रायफलीविषयी आणखी एक गफलत होते. अधिनियमातील अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाबरोबरच ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ प्रक्षेपक सोडणारे शस्त्रही येते. त्यामुळे नाव काहीही असले तरी हवाई रायफल व्याख्येबाहेर नाही. मात्र २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक बोअर नसलेल्या व २० ज्यूलपेक्षा अधिक मुखऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्रास परवाना लागत नाही. स्पर्धेतील छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. हिशेब केल्यास ऊर्जा ८ ज्यूलच्या आतच राहते. म्हणून परवाना नाही. परंतु विमानतळावरील सुरक्षा अधिकाऱ्याच्या यादीत हवाई रायफल हे शस्त्रच आहे, आणि ती हातसामानात नेता येत नाही. परवाना लागत नाही ह्याचा अर्थ घोषणा करावी लागत नाही असा होत नाही. उलट परवानाच नसल्याने खेळाडूजवळ शस्त्राची ओळख पटविणारा कागद नसतो. खरेदीची पावती, रायफल संघटनेचे ओळखपत्र आणि स्पर्धेचे प्रवेशपत्र हीच त्याची कागदपत्रे. तिचा हवेचा सिलिंडर हा तर निराळाच विषय. स्पर्धेत तो २०० बारपर्यंत भरलेला असतो आणि दाबाखालील वायू ही धोकादायक वस्तूंची स्वतंत्र वर्गवारी आहे. सिलिंडर रायफलीपासून सोडवून पूर्ण रिकामा करून न्यावा व त्याविषयी विमान कंपनीस आगाऊ विचारावे. हवा भरण्याची सोय बहुतेक स्पर्धास्थळी असते.

पेटी, काडतूस आणि थोडे भौतिकशास्त्र

शस्त्र नोंदणीच्या सामानातूनच जाते; प्रवाशाच्या हाती ते कोणत्याही कारणाने राहत नाही. तिकीट काढल्यावर विमान कंपनीस आगाऊ लेखी कळवावे, कारण सर्वच कंपन्या सर्वच विमानांत शस्त्र स्वीकारतात असे नाही आणि त्यांचे शुल्क व संख्येच्या मर्यादा सारख्या नाहीत. सर्वसामान्य प्रवासी आणि अधिकृत नेमबाज ह्यांच्यासाठीही मर्यादा वेगळ्या असू शकतात. विमानतळावर नेहमीपेक्षा किमान एक तास आधी पोचावे. कक्षावर गेल्यावर प्रथम तोंडाने सांगावे, मग कागद दाखवावेत. पेटी स्वतःहून उघडू नये. गर्दीत रायफलीची पेटी उघडणारा माणूस, त्याचा हेतू कितीही निर्मळ असो, आजूबाजूच्या लोकांस भयभीत करतो. अधिकारी सांगेल त्या जागी, सांगेल तेव्हा पेटी उघडावी. बोल्ट काढलेला, नळी रिकामी, मॅगझिन वेगळे व रिकामे. शस्त्र भरलेले नसल्याचे घोषणापत्र प्रवाशाच्या सहीने होते. त्या सहीचे गांभीर्य विद्यार्थ्यांना आधी समजावून सांगावे, कारण तपासणारा अधिकारी काही चुकला तरी सही आपलीच असते.

काडतुसे शस्त्रापासून वेगळी, उत्पादकाच्या मूळ खोक्यात वा प्रत्येक काडतुसास स्वतंत्र खाच असलेल्या डबीत ठेवावयाची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवाशास केवळ १.४ एस ह्या वर्गातील, म्हणजे यूएन ००१२ किंवा यूएन ००१४ ह्या क्रमांकांखाली येणारी काडतुसे नेता येतात, तीही स्वतःच्या वापरापुरती, विमान कंपनीच्या संमतीने आणि वेष्टनासह ५ किलोग्रॅमपर्यंत. दोन वा अधिक प्रवाशांची मर्यादा एकत्र करून एकाच पेटीत भरता येत नाही. संघाच्या दृष्टीने ही शेवटची अट फार महत्त्वाची: पाच खेळाडूंची मिळून २५ किलोची एक पेटी हा व्यवस्थापकाचा सोयीचा विचार नियमाच्या थेट विरुद्ध आहे. विमान कंपनीची वा परवान्याची मर्यादा ह्याहून कमी असल्यास तीच लागू होते.

५ किलो ही मर्यादा कोणास कशी पडते हे पाहण्यासारखे आहे. पॉइंट २२ चे काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आत असते. त्याची हजारावर काडतुसे ह्या वजनात बसतात आणि रायफलवाल्याला वजनाची फिकीर नसते. ट्रॅप प्रकारातील १२ बोअरच्या काडतुसात मात्र २४ ग्रॅम छर्रेच असतात. पुंगळी, बुच व दारू धरून ते ३५ ग्रॅमच्या आसपास जाते. २५ च्या पाच डब्या, म्हणजे १२५ काडतुसे, झाली की मर्यादा संपत येते. ट्रॅपच्या पात्रता फेरीतील लक्ष्येही १२५ च असतात. सरावासाठी काही उरत नाही. म्हणून शॉटगनच्या खेळाडूने स्पर्धास्थळी काडतुसे मिळण्याची व्यवस्था प्रवेशिका भरतानाच करावी.

१.४ एस ह्या रुक्ष संज्ञेमागील विचार मात्र रंजक आहे. काडतूस बंदुकीच्या कक्षात असते तेव्हा पोलादी भिंती वायूला कोंडतात. पॉइंट २२ मध्ये हा दाब १,७०० बारच्या घरात जातो आणि गोळीस नळीतून बाहेर ढकलतो. तेच काडतूस कक्षाबाहेर पेटले तर कोंडणारे काही नसते. पातळ पितळी पुंगळी फाटते, वायू निसटतो, आणि जड असलेली गोळी जवळजवळ जागीच राहते. योग्य वेष्टनात परिणाम त्या वेष्टनापुरता मर्यादित राहील, अशाच वस्तूंना ही वर्गवारी मिळते. पॉइंट २२ मध्ये पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या तळाच्या कडेत असते. सुटी काडतुसे खिशात वा पिशवीत किल्ल्यांबरोबर ठेवू नयेत ह्याचे कारण हेच. विमान उंचावर गेले की दाब कमी होऊन काडतूस फुटेल, ही भीती मात्र निराधार होय. प्रवासी विमानाचा सामानकक्षही केबिनप्रमाणेच दाबयुक्त असतो आणि तेथील दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांश राहतो. जे काडतूस शेकडो बार सोसण्यासाठी घडविले आहे, त्याला पाव बाराचा फरक जाणवतही नाही.

विसरलेले काडतूस

आता मूळ मुद्द्याकडे वळू. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी व धातू निळे दिसतात. शिसे व पितळ ह्यांचा ठोकळा गडद डाग म्हणून उठून दिसतो. पुस्तकांच्या चळतीखालचे एकटे काडतूस सुटते असे समजू नये. ते सापडले की प्रवाशाजवळ परवाना आहे का, हा पहिला प्रश्न. परवाना नसल्यास कलम ३ चा भंग आणि कलम २५ खाली गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्या गुन्ह्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. कायद्याच्या शब्दांत एक काडतूस आणि शंभर काडतुसे ह्यांत भेद केलेला नाही.

न्यायालयांनी मात्र ‘बाळगणे’ ह्या शब्दात ज्ञानाचा घटक वाचला आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या १९७२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शस्त्र बाळगण्यात जाणिवेचा मानसिक घटक अंतर्भूत आहे. वस्तू प्रत्यक्ष अंगावर नसली तरी तिच्यावर सत्ता व नियंत्रण असेल तर ती बाळगली असे होते, आणि जाणीव नसेल तर नुसते जवळ असणे पुरेसे नाही. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने ‘टाडा’ कायद्याच्या संदर्भात सजाण ताब्याचे हेच तत्त्व स्वीकारले. ह्या दोन निर्णयांच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने, विमानतळावर प्रवाशाच्या सामानात एखादे काडतूस सापडल्याची अनेक प्रकरणे रद्द केली आहेत. शस्त्र नाही, काडतूस एकच, ते कोठून आले ह्याचे विश्वसनीय स्पष्टीकरण आहे, अशा परिस्थितीत सजाण ताबा सिद्ध होत नाही हे त्यामागील सूत्र. कलम ४५ मध्ये, पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसलेल्या दारूगोळ्याच्या किरकोळ भागांना अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. रिकाम्या पुंगळीच्या बाबतीत तो आधार घेता येतो. शिवाय कलम ३ च्या भंगाबद्दल खटला चालविण्यास कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते.

तथापि हे सारे पुढचे. हे दिलासे उच्च न्यायालयात मिळतात, तपासणीच्या मेजापाशी नव्हे. मधल्या काळात प्राथमिक माहिती अहवाल नोंदविला जातो, काडतूस तज्ज्ञांकडे जाते, जामीन घ्यावा लागतो, वकील करावा लागतो. पारपत्राच्या अर्जात आणि शासकीय नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्या नोंदीची उत्तरे द्यावी लागतात. वीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी ही गोष्ट लहान नाही. शिवाय नेमबाजाच्या बाबतीत एक विरोधाभास आहे. ज्याचा शस्त्राशी कधी संबंध आला नाही, त्याचे ‘मला ठाऊक नव्हते’ हे म्हणणे सहज पटते. रोज शंभर काडतुसे हाताळणाऱ्याचे तेच म्हणणे कोणी कसे घ्यावे? काडतूस त्याच्या पिशवीत कसे आले हे समजणे सोपे, आणि त्याला ते माहीत नव्हते हे पटणे अवघड.

ह्यावर उपाय अगदी साधा आहे, आणि म्हणूनच तो केला जात नाही. सरावाची पिशवी आणि प्रवासाची पिशवी एक असू नये. आपल्याकडे विद्यार्थ्याजवळ बहुधा एकच पाठपिशवी असते. तीच महाविद्यालयात, तीच रेंजवर, तीच गावी. ज्या संस्थेला रायफलीसाठी लाखांचा खर्च करता येतो तिने खेळाडूंना प्रवासासाठी एक साधी कापडी पिशवी देणे अशक्य नाही. नेमबाजीचे जाकीट आणि हातमोजे नोंदणीच्या सामानातच घालावेत. त्यांवर दारूचे सूक्ष्म अवशेष राहतात आणि स्फोटकांचा अंश हुडकणारे यंत्र त्यांवर वाजू शकते. हा गुन्हा नव्हे; पण स्पष्टीकरण देत उभे राहण्यात वेळ जातो.

सामान हाती आले तेव्हा

परदेशच्या स्पर्धांसाठी नियमांचा आणखी एक थर चढतो. निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून शस्त्र येथून जात असल्याचा दाखला घ्यावा लागतो, नाहीतर परतताना तेच शस्त्र आयात म्हणून पाहिले जाते. यजमान देशाची परवानगी लागते, आणि वाटेत विमान बदलावयाचे असल्यास त्या देशाचीही बहुधा लागते. हे काम राष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनाखालीच करावे.

घोषणा आणि ताबा ह्यांचे नाते किती नाजूक आहे, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून कळते. त्या देशात आगाऊ परवानगीची पद्धत नाही: शस्त्र रिकामे, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत, कक्षावर घोषित केले की नोंदणीच्या सामानात जाते. एवढी सोय असूनही तेथील तपासनाक्यांवर २०२४ मध्ये प्रवाशांच्या हातसामानात ६,६७८ अग्निशस्त्रे सापडली आणि त्यांपैकी सुमारे ९४ टक्के भरलेली होती. ‘विसरलो’ हेच तेथील प्रवाशांचेही नेहमीचे उत्तर. पण येथे सांगावयाची कथा न विसरलेल्या माणसाची आहे. २००५ मध्ये यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाने आपले पिस्तूल रीतसर घोषित केले होते. न्यू जर्सीतील नेवार्क येथे त्याचे पुढचे विमान चुकले. सामान त्याच्या हाती आले, रात्र त्याने हॉटेलात काढली, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर पुन्हा प्रामाणिकपणे पिस्तूल असल्याचे सांगताच त्याला न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले. परंतु त्याने केलेला नुकसानभरपाईचा दावा २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयाने फेटाळला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शस्त्र नेणाऱ्यास संरक्षण देणारा १९८६ चा संघीय कायदा शस्त्र सहज हाती येणार नाही तोवरच लागू असतो. रात्रभर सामान जवळ राहिल्याने ते संरक्षण गेले, असा न्यायालयाचा अर्थ. अशा प्रवाशाने सामान ताब्यात घेण्यापूर्वीच विमानतळावरील पोलिसांकडे वा कर्मचाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग होता, असेही न्यायालयाने नमूद केले.

निकाल कठोर वाटतो, आणि प्रस्तुत लेखकास तो तसा वाटतोही. पण त्यातील सूचना आपल्याकडे तंतोतंत उपयोगी आहे. धुक्यामुळे दिल्लीला उतरणारे विमान जयपूरला वा अहमदाबादला उतरविले जाणे ही हिवाळ्यातील नित्याची गोष्ट. परवाना दिल्ली व महाराष्ट्र एवढ्याच क्षेत्राचा असेल आणि विमान कंपनीने ‘सामान घ्या, बसने जा’ असे सांगितले, तर पट्ट्यावरून पेटी उचलण्याआधी थांबावे. कंपनीच्या अधिकाऱ्यास शस्त्र असल्याचे सांगून पेटी त्यांच्याच ताब्यात ठेवण्याची व पुढच्या विमानाने पाठविण्याची लेखी विनंती करावी, आणि विमानतळावरील पोलिसांकडे त्याची नोंद करावी.

परतीच्या प्रवासात काळजी सैल पडते, हे अनुभवाने सांगता येते. जाताना मोजलेली काडतुसे येताना कोणी मोजत नाही. पदक मिळाले असेल तर मुळीच नाही. शेवटच्या दिवशी फायरिंग पॉइंट सोडण्यापूर्वी उरलेली व झाडलेली काडतुसे मोजून बेरीज नेलेल्या संख्येशी जुळवावी. पॉइंट २२ चा एक नग कमी भरला तर तो जमिनीवर, जाकिटाच्या घडीत, बुटात अथवा कोणाच्या तरी पिशवीत आहे. तो सापडेपर्यंत बस थांबवावी. मुले कुरकुरतात, त्या विद्यार्थिनीच्या संघातली मुले कुरकुरत नाहीत.